नारळाच्या तेलात पॅराफिन (पेट्रोलियमपासूनचं खनिज तेल), साबण करणाऱ्यांनी सांभाळा (इंदूर)

इंदूरमध्ये कोणी घरी साबण करत असेल तर हे नक्की वाचा. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरचे साबण वाण म्हणून द्यायचे ठरवलं होतं, महिनाभर सुकवावे लागतात म्हणून नोव्हेंबरअखेर तेल घ्यायला काढलं. एरवी मी इथल्या सियागंज बाजारातून घेते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर एकाची जाहिरात आली, घाण्याचं शुद्ध नारळतेल, १५ लिटरचा डबा २८५० ला, घरपोच. पैसे आधी टाकले, डबा आला, वासही छान नारळाचा.

किलोभर तेलाला १७४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, माझं नेहमीचं माप (पूर्ण १८३ लागतं, साबण सौम्य राहावा म्हणून पाच टक्के कमी). नारळाचा साबण दुसऱ्या दिवशी इतका कडक होतो की वेळेत कापला नाही तर सुरीखाली तुकडे उडतात. हा चार दिवसांनी पण लोण्यासारखा, बोट दाबलं की खड्डा आणि वर तेलाचे थेंब. मला वाटलं माझंच वजन चुकलं, पुन्हा नवा केला, तोही तसाच. महिन्याने जरा घट्ट वाटला म्हणून एक वडी मामींना दिली, तर तीन दिवसांत त्यांच्या बोटांच्या बेचक्यात कातडी सोलली. इतकं वाईट वाटलं ना.

मग जानेवारीच्या थंडीत लक्षात आलं, घरातली खोबरेलाची बाटली पांढरी दगड झालीय आणि डब्यात मात्र तळाला थोडं दाणेदार, वर सगळं पातळच. तेलवाल्याला फोन केला तर म्हणे डबल फिल्टर आहे म्हणून गोठत नाही. अहो, गाळल्याने तेल गोठायचं थांबतं का? नारळतेल २४-२५ डिग्रीखाली गोठतंच. शेजारचे काका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, त्यांनी थोडं तेल अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून पाणी घातलं, सगळं गढूळ. म्हणाले पॅराफिन मिसळलंय. पॅराफिनचा साबण होतच नाही, म्हणजे त्याच्या वाट्याचं कॉस्टिक तसंच वडीत उरलं आणि तेच मामींच्या हाताला लागलं.

आता तेलवाल्याने माझा नंबर ब्लॉक केलाय, बिल नाही, मी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार नोंदवलीय. तुम्ही असा डबा घेतला असेल तर आधी वाटीभर तेल फ्रिजमध्ये ठेवा, शेजारी चांगल्या तेलाची वाटी, दोन तासांत कळतं. आणि खाण्यात तर अजिबात वापरू नका, मी त्यातलं दोनदा फोडणीला घातलंय, अजून मनातून जात नाही.