लॅक्टेशन कन्सल्टंट आणि ऑक्युपेशनल थेरपी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मुलगी आता आठ महिन्यांची आहे आणि दोन्हीकडचं येणं-जाणं बरंचसं संपलंय, म्हणून लिहितेय. निकाल आधीच सांगते. लॅक्टेशन कन्सल्टंटचे, म्हणजे स्तनपानाचा सल्ला देणारीचे, पैसे वसूल झाले, ऑक्युपेशनल थेरपीचा (रोजच्या क्रिया जमाव्यात यासाठीचे उपचार, बाळाच्या बाबतीत दूध पिणं आणि खाणं) उपयोग त्याहून जास्त झाला. पण दोन्ही गोष्टींचा खरा फायदा कन्सल्टंट आणि थेरपिस्ट एकमेकींशी बोलायला लागल्यावरच दिसला. तोवर एकीचं ऐकलं की दुसरीचं मोडायचं.

मुलगी ३५व्या आठवड्यात झाली. एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लागलं नाही, काविळीसाठी दिव्याखाली ठेवलं आणि घरी सोडलं. कागदावर सगळं ठीक. पण अशी बाळं फसवी असतात. दिसायला पूर्ण दिवसांची वाटतात, प्रत्यक्षात चोखणं, गिळणं आणि श्वास यांची लय ३४व्या आठवड्याच्या आसपास कुठे जुळायला लागलेली असते आणि अंगात ताकद त्याहून कमी. आमची दोन मिनिटं ओढायची की डोळे मिटायची. आई म्हणायची, "पोट भरलं बघ तिचं, कशी शांत झोपली." भरलं नव्हतं, दमली होती. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं ते सगळ्याच बाळांचं, पण दोनेक आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आमचं आलं नाही.

घरातलं निदान तयार होतं: दूध कमी आहे. मग आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, जेवणावर बाळंतशोपा. खायला काही वाईट नव्हतं, लाडू तर मी अजूनही मागून घेते. पण खाण्याचा आणि वजनकाट्याचा काही संबंध दिसेना.

कन्सल्टंट घरी आली ती पिशवीत बारीक ग्रॅम दाखवणारा काटा घेऊनच. पाजायच्या आधी वजन, पाजून झाल्यावर पुन्हा वजन, त्याच कपड्यांत, ओला लंगोटही न बदलता. जितके ग्रॅम वाढले तितके साधारण मिलिलिटर दूध पोटात गेलं. पाऊण तास पाजल्यावर काटा जेमतेम हलला. लगेच पंप लावला तर बाटलीत दूध भराभर जमलं. म्हणजे दूध होतं, मुलीला ते ओढता येत नव्हतं. आईने ते डोळ्यांनी पाहिलं आणि घरातला वाद तिथेच मिटला. माझ्या मते त्या भेटीची फी एवढ्यासाठीच देण्यासारखी होती. तिने पंपाचं छातीला लावायचं फनेलही मापून बदलायला लावलं. बॉक्समधलं मला मोठं पडत होतं आणि मी दुखणं मुकाट सोसत होते.

मग सुरू झालं ते चक्र: आधी अंगावर, मग काढलेलं दूध बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने), मग पुन्हा पंप. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एक फेरी संपवून बोंडलं उकळेपर्यंत दुसरी जवळ आलेली. ज्या रुग्णालयात बाळंतपण झालं तिथेही हेच छापील कागदावर लिहून दिलं होतं, पण कधीपर्यंत करायचं ते नव्हतं. कन्सल्टंटने पहिल्याच भेटीत विचारलं, "हे किती दिवस झेपेल तुम्हाला?" आणि तारीख ठरवली. त्या दिवशी वजन बघायचं, वाढलं असेल तर रात्रीचा एक पंप बंद, नसेल तर वरचं दूध थोडं वाढवायचं आणि मी झोपायचं. कन्सल्टंट निवडताना मी आता हाच एक प्रश्न विचारीन: थांबायचं कधी? ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांच्याकडे जाऊ नका. आणि ज्या पहिल्या भेटीतच स्वतःचा चहा किंवा पावडर विकायला काढतात त्यांच्याकडेही नको. डब्याचं दूध आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे, आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यासाठी भेटी द्यायलाही मनाई आहे. 'दूध वाढवणाऱ्या' बिस्किटांना मात्र मोकळं रान दिसतं.

ऑक्युपेशनल थेरपीकडे बालरोगतज्ज्ञांनी पाठवलं. सासरे म्हणाले, "ते लकवा झालेल्यांसाठी असतं ना?" तसं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर ही विद्या इथे जुनी आहे, आशियातली पहिली शाळा कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत पालिकेच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. आम्ही पालिकेच्याच एका रुग्णालयात गेलो. केसपेपर नाममात्र पैशांत, वाट बघणं मात्र भरपूर. सकाळची ओपीडी, तान्हं बाळ आणि बाकांवरची गर्दी हे गणित जमत नाही. नंतर काही भेटी खासगीत घेतल्या, दर भेटीला हजार-दीड हजार. विम्यातून काही मिळालं नाही.

थेरपिस्टने बराच वेळ बाळाच्या तोंडाला हातच लावला नाही. मान कुठे वळते, श्वास कसा चाललाय, बोटं फाकवते का, कपाळाला आठ्या कधी पडतात, एवढंच बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मान एका बाजूला ताठ आहे. म्हणून डावीकडे घेत नाहीये." आम्ही तोवर माझ्या धरण्यालाच दोष देत होतो. डावीकडे तिला आडवं न धरता काखेखालून धरायला सांगितलं, दिवसा जागी असताना थोडं थोडं पोटावर ठेवायला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात फरक कळला. जिभेखालचा पडदा कापून घ्या असा सल्ला एका ओळखीच्यांनी ठामपणे दिला होता. थेरपिस्टने आणि बालरोगतज्ज्ञांनी जीभ उचलते का, पुढे येते का ते नीट पाहिलं आणि गरज नाही म्हणाले. कापलं नाही.

भांडण झालं ते बोंडल्यावरून. कन्सल्टंट म्हणे बाटली दाखवूच नका, अंगावर घेणं सोडेल. थेरपिस्ट म्हणे बोंडल्याने तुम्ही ओतताय, ती फक्त गिळतेय, मध्येच श्वास घ्यायला जागा राहत नाही. हळू धारेची बाटली द्या, कुशीवर निजवून, चार-पाच घोटांनी बाटली खाली करून थांबा. मी मध्ये निरोप्याचं काम करून कंटाळले आणि दोघींना एकदाच फोनवर जोडून दिलं. दहा मिनिटांत मार्ग निघाला: दिवसा अंगावर आणि गरज पडली तर बोंडलं, पण ओठाला टेकवून थेंब थेंब, रात्रीची एक फेरी बाटलीने, ती नवऱ्याकडे. सलग चार तास झोप मिळाली ती त्या रात्री. दोघींपैकी कुणालाच हा फोन आपणहून करावासा वाटला नव्हता, हीच माझी मोठी तक्रार. एक स्टार त्यासाठी कापतेय.

तोंडात बोट घालून हिरड्यांना, गालांना करायचे व्यायाम दिले होते, त्यांचा उपयोग किती झाला सांगता येत नाही. मूळ तारखेच्या आसपास मुलगी आपोआपच जागी राहायला लागली, जोरात ओढायला लागली. ते व्यायामाने की वयाने? मला वयाचं पारडं जड वाटतं. तिसऱ्या महिन्यात मी ते सोडून दिले आणि काही बिघडलं नाही. थेरपीच्या पहिल्या तीन-चार भेटींत जे मिळालं ते पुढच्या भेटींत नाही.

सहाव्या महिन्यात उष्टावण झालं आणि पुन्हा थेरपीची पायरी चढावी लागली, कारण चमचा तोंडाजवळ आला की हिला ओकारीची उबळ. सासूबाई घाबरून नाचणीचं सत्त्व पाण्यासारखं करून द्यायच्या. तिथे कळलं की लहान बाळांत उबळीची जागा जिभेवर बरीच पुढे असते. उबळीला आवाज असतो, खोकला असतो. घास अडकला तर आवाजच निघत नाही आणि रंग बदलतो, तेव्हा वाट बघायची नाही. चमचा लहान, उथळ, आत खुपसायचा नाही, खालच्या ओठावर टेकवून थांबायचं, तोंड तिने मिटायचं. पाय लटकते नकोत, खाली टेकू हवा. आम्ही खुर्चीला जुना पाट बांधला. सत्त्व घट्ट झालं, आठवडाभराने मऊ वरणभात गेला. आता सासूबाई शेजारणीच्या नातवाच्या आईला चमचा कसा धरायचा ते दाखवतात, फी न घेता.