पिको-फॉलचं दुकान, साडी उलटी करून तपासलेलं

भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आठवडी बाजाराच्या तोंडाशी हे पिको-फॉलचं दुकान. आत दोन मशिनी, भिंतीवर रंगवार लावलेले फॉल, आणि दाराशी बाकड्यावर हातशिलाई करणाऱ्या दोघी. नुसता पिको ४० रुपये, फॉलसकट मशीनशिलाई ११०, हातशिलाई १५०. हातशिलाईचे वरचे ४० रुपये डोळे मिटून द्यावेत. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीचा पिको मात्र इथे नीट सांगूनच टाकावा.

मशीनने लावलेला फॉल का फसतो ते आधी. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचं कापड दाबाच्या पायाखाली मागे रेंगाळतं. अडीच मीटरच्या फॉलवर ही चूक साचत जाते, शेवटी दोन बोटांचा फरक पडतो आणि निऱ्या घातल्या की काठ चुण्यांनी गोळा होतो. हातशिलाईत हा प्रश्नच येत नाही. इथल्या बायका खोचायच्या टोकापासून एक वीत सोडून फॉल ठेवतात, दर वितीला टाचणी लावतात, मग खालची कड बारीक धावदोऱ्याने आणि वरची तुरपाईने बसवतात. तुरपाईत साडीचे एक-दोनच धागे सुईवर घेतात, त्यामुळे सुलट बाजूला टाका दिसत नाही. दोन टाक्यांमधलं अंतर जेमतेम अर्धा सेंटिमीटर. याहून लांब टाका घातला की तो पायातल्या जोडव्यात अडकतो आणि एका हिसक्यात हातभर शिवण उसवते. म्हणूनच त्या दर वितीला एक उलटा टाका घालून दोरा अडवतात. एवढी काळजी शहरातल्या मोठ्या दुकानांतही क्वचित दिसते.

त्यांची खरी जाण दिसते ती करवतकाठी साडीवर. तीन धोट्यांनी (मागावर आडवा दोरा नेणाऱ्या) विणलेला तो करवतीच्या दातांचा काठ बहुतेकदा फॉलपेक्षा अरुंद असतो. म्हणजे फॉलची खालची कड काठावर बसते आणि वरची थेट साडीच्या अंगावर. एकाच रंगाचा दोरा वापरला तर मधाच्या रंगाच्या कोशावर काठाच्या मरून रंगाच्या ठिपक्यांची रांग उमटते. इथे न सांगता दोन दोरे वापरतात, खाली काठाचा रंग आणि वर अंगाचा.

फॉल सुतीच मागा. आणि शिवण्याआधी तो भिजवलेला आहे का हे विचाराच, कारण गर्दीच्या दिवसांत दुकानात ही पायरी गाळली जाते. कोरा सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो, साडी तेवढी आटत नाही, आणि काठ आत ओढला जातो. गडद रंगाचा असेल तर रंगही सुटतो. सोपा उपाय म्हणजे फॉल आदल्या दिवशी घेऊन जा, रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा आणि साडीसोबत परत आणून द्या.

आता पिको. सुती आणि सिंथेटिक साडीवर काम चोख आहे, टाका दाट आणि कड गोल वळलेली. कोशावर तोच पिको निसटतो. कोशाचा धागा गुळगुळीत, वीण मोकळी. दोन मिलिमीटरच्या पट्टीत टाक्याला धरायला पुरेसे धागेच मिळत नाहीत, आणि थोडा ताण पडला की अख्खी कड दोऱ्यासकट बाहेर येते. शिवाय दिवसभर सुती कापडावर चाललेली १४ नंबरची बोथट सुई कोशाचा धागा ओढून आडवी रेघ पाडते. म्हणून दोन गोष्टी सांगा: ११ नंबरची नवी सुई, आणि कड अर्धा सेंटिमीटर दुमडून मग पिको. पदराच्या दशा असतील तर तिथे मशीन लावूच देऊ नका, गोंडे बांधून घ्या. नऊवारीला फॉल लागत नाही, टोकांना पिको पुरे. इथे तसं स्पष्ट सांगतात, उगाच फॉल गळ्यात मारत नाहीत.

साडी घेताना उलटी करून पाहा. शिवताना वर असलेल्या बाजूला बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा ठिपक्यांसारखा दिसला तर वरच्या दोऱ्याचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला सैल फासे लोंबत असतील तर कमी. दोन्ही दोष तिथल्या तिथे उसवून सुधारून देतात, वाद घालत नाहीत.

ओढणीला क्रोशाची लेसही मापावर विणून मिळते. पिको हा शब्द मुळात लेसचाच, काठावरच्या त्या इवल्या फाशाचा. क्रोशात तीन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सुई परत ओवली की तो उठून दिसतो. त्यांची वीण एकसारखी आहे, पण हात घट्ट असल्यामुळे लेस ओढणीची कड आखडते. एका मापाने जाड सुईने विणायला सांगा.

एक मशीन पायाने चालतं, त्यामुळे लाईन गेली तरी पिको थांबत नाही. हातशिलाईला एरवी दोन दिवस लागतात, दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि लग्नसराई सुरू झाली की आठ. बाजाराच्या दिवशी साडी टाकू नका. त्या गर्दीत हातशिलाईची चिठ्ठी लावलेली साडीही मशीनवर जाऊ शकते.