टोळीसमोर कोणती तिजोरी ठेवायची?

चोरांच्या टोळीवर एकांकिका करायची ठरली की पहिला वाद म्होरक्यावरून होतो: तो लंगडा असावा की तोतरा? माझं म्हणणं, आधी तिजोरी ठरवा. पाऊण तास सगळे तिच्याकडेच बघणार आहेत. झवेरी बाजारातल्या पेढीवरची, ‘थोरली’ म्हणून ओळखली जाणारी, आजवर कुणालाच न बधलेली, एवढं खुशाल कल्पनेतलं घ्या. ती उघडते कशी हे मात्र खरं असू द्या.

मुंबईतली गोष्ट असेल तर चावीची तिजोरी आधी डोळ्यांपुढे येते. गोदरेजांनी लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली ती १८९७ साली. आपल्या आजोबांच्या डोळ्यांतली तिजोरी त्याच घराण्यातली. आत लिव्हर, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, एकावर एक रचलेले असतात आणि चावीच्या प्रत्येक दात्याने आपापला लिव्हर नेमका तेवढाच उचलायचा असतो. इंग्लंडमध्ये चब यांनी १८१८ साली यात एक मेख मारली. चुकीच्या चावीने लिव्हर जरा जास्त उचलला गेला की कुलूप अडकून बसायचं आणि सकाळी मालकाने स्वतःची चावी लावली की त्याला कळायचं, रात्री कुणीतरी खटपट करून गेलंय! चोर हात हलवत परत गेलेत, शेठला सुगावा लागलाय, आणि टोळीतला एक जण त्याच पेढीवर चहा देतो. पुढचा प्रवेश आपोआप लिहून होतो.

हे कुलूपही उघडलं गेलंच म्हणा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते साधारण पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कारागिराच्या कुलपाने मात्र त्याचा घाम काढला. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत २०० गिनींच्या बक्षिसासह ते अनेक दशकं आव्हान देत बसलं होतं. हॉब्जला ५१ तास लागले, तेही सोळा दिवसांत मिळून. ‘थोरली’ला असा इतिहास द्या.

डायलची तिजोरी दिसायला देखणी. आत सहसा तीन चकत्या, प्रत्येकीला एक खाच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची पट्टी त्यांत पडते आणि दांडे मागे सरतात. शंभर आकड्यांची तबकडी धरली तर कागदावर दहा लाख जोड्या होतात. हाताने उघडणारे जाणकार कानाला नळी लावून बसत नाहीत. तबकडी कुठे किंचित अडते ते आकडे टिपून चक्क आलेख काढतात. आलेखाचा कागद आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन आलेला चोर मला नळीवाल्यापेक्षा कितीतरी मजेदार वाटतो. पण या कामाला तास जातात आणि मागच्या रांगेला तबकडीवरचा आकडा दिसत नाही. तुमच्या नटाची बोटं बोलकी असतील तरच हा जुगार खेळा. फायदा एकच, पण मोठा: काही तिजोऱ्यांच्या दारात काचेची पट्टी असते. ड्रिल लागून ती फुटली की स्प्रिंगचे खिळे सुटतात आणि दार आणखी घट्ट बंद होतं. अंधारात काच तडकल्याचा बारीक आवाज, आणि मग सगळे गप्प.

बँकेची स्ट्राँगरूम हवी असेल तर टाइम लॉक घ्या. दरोडेखोर रात्री मॅनेजरच्या घरात घुसून, धमकावून त्याला बँकेत आणायचे, त्यावर हा तोडगा. जेम्स सार्जंट नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने १८७३ मध्ये हे कुलूप चालू केलं. ठरलेली वेळ होईपर्यंत मॅनेजरलाही दार उघडता येत नाही. ओलीसनाट्य लिहायचं असेल तरच याचा उपयोग.

बटणांची डिजिटल तिजोरी नको. तिचा पीं-पीं आवाज ऐकून लोक खिशातला फोन चाचपतात.

मी चावीचीच घेईन. चावी तीन भावांत वाटता येते, आईच्या कमरेला खोचता येते, गहाणही पडते. आकड्याचं असं काही होत नाही. शिवाय चावी हरवली हे शेवटच्या रांगेपर्यंत कळतं.

फक्त खोका थर्माकोलचा करू नका. आमच्या एका प्रयोगात म्होरक्या दमून ‘थोरली’ला टेकला आणि ती फूटभर सरकली. पुढचं एकही वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. प्लायवूड घ्या, आत विटा भरा, आणि टेम्पोवाल्याशी भाड्याचं आधीच बोलून ठेवा.