रायझन ५८००एक्स आणि ५८००एक्सथ्रीडी: चाचण्यांचा कौल वेगवेगळा का?

एएमडीच्या २०२० सालच्या रायझन ७ ५८००एक्स आणि २०२२ सालच्या ५८००एक्सथ्रीडी या दोन्ही प्रोसेसरांत ८ कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग) आणि १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) असून त्यांची मूळ रचनाही एकच आहे. फरक मुख्यतः दोन गोष्टींत आहे: पहिल्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्‌झ, तर दुसऱ्याचा ४.५, उलट पहिल्याकडे एल-३ कॅश (प्रोसेसरमधलीच, रॅमपेक्षा वेगवान स्मृती) ३२ मेगाबाइट, तर दुसऱ्याकडे, मूळ चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवल्यामुळे, ९६ मेगाबाइट.

सिनेबेंच या रेंडरिंगच्या (संगणकाने चित्र तयार करण्याच्या) चाचणीत प्रत्येक कोअर लहान तुकड्यांवर काम करीत असल्याने वाढीव कॅशचा उपयोग जवळजवळ होत नाही आणि ५८००एक्स थोडा पुढे राहतो. गेममध्ये मात्र विखुरलेली माहिती सतत लागते. ती रॅमऐवजी कॅशमध्येच सापडली की प्रोसेसरचे थांबणे कमी होते, म्हणून तेथे ५८००एक्सथ्रीडी बहुधा स्पष्टपणे सरस ठरतो. अर्थात ही तुलना १०८०पी रिझोल्यूशनवर पाहावी, कारण ४के या त्याहून मोठ्या रिझोल्यूशनवर ग्राफिक्स कार्डच अडसर ठरते आणि दोघांचे आकडे जवळपास सारखेच दिसतात. केवळ सिनेबेंचच्या गुणांवरून गेमिंगसाठी निवड करणे मला चुकीचे वाटते. रेंडरिंग करणाऱ्याने मात्र ५८००एक्सथ्रीडीसाठी जादा पैसे मोजू नयेत.