पेंटॅक्स के१००० आणि एचपी५ प्लस: कपाशीच्या वावरात नऊ महिने

मे महिन्यात जुना पेंटॅक्स के१००० कॅमेरा हाती आला. तेव्हापासून इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचे २१ रोल झाले. सगळे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातच काढले, आणि घरीच धुतले.

कॅमेरा दणकट आहे. १९७६ ते १९९७ पर्यंत हे मॉडेल निघत होतं. शटर पूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. पण मीटर बंद करायला बटणच नाही. लेन्सवर झाकण लावलं नाही, तर सेल उतरतो. विकणाऱ्याने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती: मागच्या दाराचा फोम सडून चिकट झाला होता. पहिल्या रोलवर उजेडाचा पट्टा आला, तेव्हा कळलं. फोम खरवडून त्या खाचेत काळी लोकर बसवली. तेव्हापासून उजेड शिरलेला नाही.

खरा त्रास पाण्याचा. फिल्म धुवायचं रसायन डी-७६ पाणी न मिसळता वापरलं तर या रोलला २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्याच पाण्यात पहिला रोल धुतला आणि निगेटिव्ह काळीकुट्ट निघाली. पाणी कोमट असेल तर वेळ कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की रोल एकसारखा धुतला जात नाही. आता माठातलं पाणी घमेल्यात घेतो, त्यात बर्फ टाकतो आणि रसायनाच्या बाटल्या बुडवून थर्मामीटर २० वर यायची वाट पाहतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडायचे, म्हणून शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड पाण्यात. धुण्याआधी फिल्म अंधारात रीळावर चढवावी लागते, त्यासाठी उजेड न शिरणारी चेंजिंग बॅग असते. उन्हाळ्यात त्या बॅगेत हात घामेजतात आणि ओलसर रीळावर फिल्म अडकते. त्यामुळे रोल भरायचं काम पहाटेच करतो.

एवढं करूनही हा रोल सोडवत नाही, याचं कारण कपाशी. आपल्याकडचं दुपारचं ऊन म्हणजे शटर १/१००० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ/११. पिवळा फिल्टर लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, जातो, पण आभाळ गडद होतं आणि फुटलेली बोंडं त्यावर उठून दिसतात. मीटर समोरचं सगळं राखाडीच समजतं. फ्रेममध्ये कापूस भरला असेल तर त्याचं ऐकायचं नाही, एक स्टॉप जास्त द्यायचा. नुसती काळी माती असेल तर एक कमी. एवढं सांभाळलं की कापसाच्या पांढऱ्यात तंतू दिसतात, सपाट ठिगळ होत नाही. माझ्या मोबाईलला हे आजवर जमलेलं नाही.

दिवाळीनंतरच्या वेचणीत आजीच्या हातांचे फोटो काढले. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांजवळ ओरखडे पडलेले, मुठीत कापूस. रोल वाळल्यावर ती पट्टी खिडकीशी धरून तिला दाखवली. निगेटिव्हमध्ये कापूस काळा आणि तिचे सावळे हात पांढरे. ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "माहे हात कापसासारखे झाले न् कापूस माह्या हातावानी. असं कसं रे बापू?" उलट-सुलट होतं ते समजावून सांगितलं, तरी तिने पट्टी पुन्हा मागून घेतली.

रोल महाग झालेत, म्हणून आता महिन्याला दोनच घेतो. फरदडीच्या, म्हणजे मुख्य वेचणीनंतर ठेवलेल्या कपाशीच्या, वेचणीसाठी दोन फ्रिजमध्ये ठेवलेत. वावरात जायच्या आदल्या रात्री बाहेर काढीन, थंड फिल्मवर दव धरायला नको.