अल्बेनियाचा दिवाळी आराखडा: व्हिसाचं काम चोख, डोंगरांच्या तारखा चुकलेल्या

नाशिकच्या कॉलेज रोडवरचं एक सहल कार्यालय ‘फक्त आखणी’ करून देतं. ग्रुप नाही, सोबत टूर मॅनेजर नाही. दोघांसाठी दहा दिवसांचा दिवसवार आराखडा, व्हिसाच्या कागदांची तपासणी आणि हॉटेलांची बुकिंगं, असं मिळून आठ हजार रुपये, त्यातले अर्धे आधी. त्यांचा अल्बेनियाचा आराखडा ओळ न ओळ तपासला. व्हिसाचं काम उत्तम आहे, शहरांचं बरं आहे, डोंगरांचं मात्र पार चुकलंय. नाशिकचा ट्रेकर अल्बेनियाला जातो तो डोंगरांसाठीच, त्यामुळे ही चूक मोठी आहे.

आधी चांगलं ते. अल्बेनिया युरोपियन युनियनमध्येही नाही आणि शेंगेनमध्येही नाही (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट). पण शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा मल्टिपल एंट्री व्हिसा चालू असेल आणि तो आधी एकदा वापरलेला असेल, तर भारतीय पासपोर्टवर वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. ‘आधी वापरलेला’ या दोन शब्दांवर अनेकांचं गाडं अडतं. कोरा करकरीत शेंगेन स्टिकर घेऊन थेट राजधानी तिरानाला उतरलं तर तो चालत नाही. कार्यालय पासपोर्टवरचा शिक्का स्वतः बघतं आणि शिक्का नसेल तर ऑनलाइन ई-व्हिसाचा अर्ज भरून देतं. ग्रीसच्या कोर्फू बेटाहून बोटीने अल्बेनियातल्या सारांदाला जाऊन परत ग्रीसमध्ये यायचं असेल तर सिंगल एंट्री शेंगेन उपयोगाचा नाही, हेही त्यांनी ठळक लिहिलंय. शेंगेन विमानतळावर दोन वेगळ्या तिकिटांनी विमान बदलू नका, कारण बॅग घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि बाहेर पडायला व्हिसा लागतो, हा इशाराही आहे. मुंबई–इस्तंबूल–तिराना एकाच तिकिटावर, हा त्यांचा सल्ला योग्य आहे.

आता तारखा. आराखडा दिवाळीच्या सुट्टीवर बेतलाय आणि २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. आपल्याकडे तोवर पाऊस उघडून हवा कोरडी होते, म्हणून तिकडेही तसंच असेल असं धरलेलं दिसतं. तिथे उलटं आहे. नोव्हेंबर हा अल्बेनियात भर पावसाचा महिना. समुद्रावरून येणारी ओली हवा उत्तरेच्या डोंगरांवर धडकते आणि तिथेच रिती होते. इगतपुरीला जे जुलैत होतं तेच, फक्त थंडीत. त्यामुळे वरच्या भागात त्याचा बर्फ होतो.

आराखड्यात १० नोव्हेंबरला कोमान तलावातली फेरी बोट आणि ११ ला वाल्बोना ते थेथ या दोन डोंगरी गावांमधला पायी टप्पा टाकलाय. हे दोन दिवस अल्बेनियाच्या सहलीचा गाभा आहेत, म्हणून ते नीट समजून घ्या. उत्तरेतल्या श्कोडर शहराहून पहाटे साडेसहाच्या सुमारास मिनीबस निघते, दोन तासांत कोमानच्या धरणाशी पोचवते. तिथून नऊच्या आसपास फेरी सुटते आणि द्रिन नदीच्या अरुंद दरीतून अडीच-तीन तासांनी फिएर्झाला लागते. पुढे बायराम त्सुरीवरून वाल्बोना. गाड्या वाहणाऱ्या मोठ्या फेऱ्या हंगामापुरत्याच असतात. हंगाम सरला की गावकऱ्यांची छोटी प्रवासी बोट तेवढी उरते आणि तिला जोडून जाणाऱ्या मिनीबसचा भरवसा नसतो. आराखड्यात उन्हाळ्याचंच वेळापत्रक चिकटवलंय.

पायी टप्पा साधारण १५ ते १७ किलोमीटरचा, सहा ते आठ तासांचा. खिंड सुमारे १८०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. चढ बारी गावातून कळसूबाई चढण्याइतकाच आहे, त्यामुळे नाशिकच्या ट्रेकरला तो जड जाऊ नये. त्रास उताराचा आहे. थेथच्या बाजूला सुमारे हजार मीटर उतरायचं, आधी चुनखडीच्या सुट्या दगडांवरून आणि मग बीच नावाच्या झाडांच्या रानातून. शरदात या रानात पानांचा घोटाभर थर पडतो. पाऊस झाला की वरची पानं ओली, खालची कुजून बुळबुळीत आणि त्यांच्याखाली सुटे दगड. पाय टाकल्यावरच कळतं की खाली दगड होता. आपल्याकडे कातळावर शेवाळ निदान डोळ्यांना दिसतं. इथे दोन काठ्या आणि खोल खाचांचे, घोटा धरणारे बूट हवेतच. आराखड्यातल्या सामानाच्या यादीत ‘स्पोर्ट्स शूज’ लिहिलंय, ते खोडा. वाटेतल्या चहा-कॉफीच्या टपऱ्या हंगाम संपला की बंद, म्हणून प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि दुपारचं खाणं पाठीवर घ्यावं लागतं. मोठी बॅग श्कोडरच्या हॉटेलात ठेवा, पाठीवर २५-३० लिटरची पुरे.

उजेडाचा हिशेबही चुकलाय. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. २०२६ मध्ये तो २५ ऑक्टोबर. त्याआधी आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक, नंतर साडेचार. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहाच्या पुढे मावळतो, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेचारच्या सुमारास, आणि दरीत ऊन त्याच्या बरंच आधी जातं. आराखडा सांगतो, ‘निवांत नाश्ता करून दहाला निघा’. दहाला निघालात तर शेवटचा घसरडा उतार अंधारात येईल. ऑक्टोबरातसुद्धा आठच्या आत निघायला हवं.

मग जायचं कधी? सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. तेव्हा फेऱ्या चालू असतात, गेस्टहाउसं उघडी असतात, वरची पानं पिवळी पडू लागतात. २०२६ मध्ये नेमका तेव्हा पितृपक्ष आहे, १० ऑक्टोबरला सर्वपित्री. ज्यांच्या घरी पितृपक्षात प्रवासाला निघत नाहीत त्यांनी ११ ला, घटस्थापनेच्या दिवशी निघावं आणि डोंगर पहिल्या चार दिवसांत उरकावेत. दिवाळीशिवाय सुट्टी मिळतच नसेल तर उत्तरेचे डोंगर सोडून द्या आणि तिराना, बेरात, जिरोकास्तर एवढंच करा. ही जिवंत शहरं आहेत, पर्यटक गेले तरी बंद पडत नाहीत. बेरात आणि जिरोकास्तर दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत. जिरोकास्तरचे दगडी रस्ते पावसात निसरडे होतात, एवढं ध्यानात ठेवा. सारांदा आणि क्सामिलचे किनारे नोव्हेंबरात ओस असतात. तिथल्या दोन रात्री कापा.

एक चूक तर नकाशा उघडला असता तरी कळली असती. ‘सिरी इ काल्तर’, म्हणजे निळा डोळा, या नावाच्या दोन जागा आहेत. एक दक्षिणेला सारांदाजवळचा प्रसिद्ध झरा, दुसरी उत्तरेला थेथच्या खालच्या दरीत. आराखड्यात थेथच्या दिवशी फोटो दक्षिणेच्या झऱ्याचा आणि वर ‘पार्किंगपासून दोन किलोमीटर सोपी चाल’. ती चाल दक्षिणेची. थेथहून तिथल्या निळ्या डोळ्यापर्यंत पायी एका बाजूला अडीच-तीन तास लागतात. पन्नाशी-साठीतल्या आई-वडिलांना घेऊन कुणी हे वाचून निघालं तर पंचाईत होईल.

पैशांचं पान चांगलं आहे, पण अपुरं. चलन लेक; एका युरोला साधारण शंभर. डोंगरात कार्ड चालत नाही, रोख न्या. यात एक गोष्ट घालायला हवी: १९६५ मध्ये तिथे चलनाचं एक शून्य कापलं, तरी लोक अजून जुन्या लेकमध्ये भाव सांगतात. शंभर लेकच्या कॉफीला ‘एक हजार’ म्हणतात. घाबरू नका आणि हजाराची नोटही पुढे करू नका. आकडा कागदावर लिहून मागा.

जेवणाबाबत मात्र कार्यालयाने जे कबूल केलंय ते त्यांच्या हातात नाही. थेथच्या गेस्टहाउसमध्ये ‘जैन जेवण उपलब्ध’ असं लिहिलंय. तिथे घरची बाई जे रांधते तेच सगळ्यांना. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही: घेवड्याचा रस्सा, भरलेल्या मिरच्या, पालकाचा किंवा चीजचा ब्युरेक (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला), मक्याची जाडसर भाकरी, लोणचं. फर्गेसा मातीच्या भांड्यात खदखदत येते, भाजलेली मिरची, टोमॅटो आणि दह्यासारखं आंबूस चीज. भाकरीशी ती आपल्या माणसाला नक्की आवडेल. पण तिरानात तिच्यात काळीज घालण्याचीही पद्धत आहे, म्हणून आधी ‘पा मिश’ म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. भरल्या मिरच्यांच्या भातातही खिमा असू शकतो. चीजमध्ये बहुधा प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात तो जनावराच्या पोटातला पदार्थ) असतं, कडक पाळणाऱ्यांनी ते धरून चालावं. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी चिवडा, खाकरे, मेतकूट सोबत न्यावं.

आणि मान हलवू नका. तिथले जुने लोक ‘नाही’साठी मान वर-खाली करतात आणि ‘हो’साठी आडवी. तोंडाने सांगा: ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही.

गाडीच्या पानावर भाड्याच्या गाडीची शिफारस आहे. त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष, अर्ज ऑनलाइन. स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी. श्कोडर–थेथ रस्ता आता डांबरी असला तरी घाटात अरुंद आहे आणि समोरून मिनीबस येतात. ज्याने उजव्या बाजूने कधी चालवलेलं नाही त्याने तो टप्पा स्थानिक गाडीने करावा.

हे कार्यालय सांगितलेले बदल दोन वेळा फुकट करून देतं. तेव्हा उरलेले चार हजार देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: तारखा ऑक्टोबरच्या मध्याआधी, कोमानच्या फेरीचं त्या आठवड्याचं वेळापत्रक, आणि थेथ-वाल्बोनाच्या दोन्ही गेस्टहाउसकडून ‘त्या रात्री उघडं आहे’ असा व्हॉट्सअॅपवरचा होकार.