सीपॅप मशीनचा अनुभव: नाक, पोट, कान आणि नाकातली चमकी

पावसाळ्याच्या सुरुवातीला सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घरी आलं आणि आता थंडी संपत आली. दमट हवा, कोरडी हवा, वीज जाणं, प्रवास हे सगळं त्याच्यासोबत झालं आहे. मशीनचा उपयोग होतो का, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. लिहायचं आहे ते पहिल्या दीड-दोन महिन्यांत शरीराला काय काय होतं त्याबद्दल, कारण बरेच जण त्याच काळात ‘मला नाही मानवत’ म्हणून मशीन कपाटावर ठेवून देतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे सांगते ते त्रास कुठल्याही कंपनीच्या मशीनला होऊ शकतात.

मी नाशिकला राहते, वय ५६, शाळेत शिकवते. थायरॉइडची गोळी जुनीच. सकाळी उठताना डोकं जड, जेवणाच्या सुट्टीनंतर वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटायचे, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणं. हे सगळं वयाच्या आणि पाळी गेल्याच्या खात्यावर जमा होत होतं. घोरण्याचा विषय निघाला की आमच्याकडे बोट दाखवलं जातं ते पुरुषांकडे. खरं तर पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचं, प्रमाण वाढतं, आणि त्यांची तक्रार कित्येकदा घोरण्याची नसतेच; थकव्याची, डोकेदुखीची, झोप लागत नसल्याची असते. यजमानांनी एका रात्री माझा श्वास मध्येच थांबलेला पाहिला, म्हणून तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता. ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी विभागणी असते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट चेपते. मशीन खोलीतलीच हवा ओढून थोड्या दाबाने नाकातून आत सोडतं आणि त्या दाबाने वाट उघडी राहते. हा ऑक्सिजन नाही. घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून लिहिलं. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. माझं मशीन गरजेप्रमाणे स्वतःच दाब कमी-जास्त करणारं आहे. त्याला ४ ते २० मधला कुठला पट्टा वापरायचा ते डॉक्टर ठरवून देतात.

पहिला त्रास श्वास घेताना होत नाही, सोडताना होतो. हवा आत येतच असते आणि आपल्याला तिच्याविरुद्ध श्वास बाहेर ढकलायचा असतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून श्वास सोडावा, तसं वाटतं. छातीत धडधड होते, हात आपोआप मास्ककडे जातो. यावर मशीनमध्येच दोन सोयी असतात आणि दुकानातून आलेला माणूस त्या सांगेलच असं नाही. एक, सुरुवातीला दाब कमी ठेवून तो हळूहळू वाढवणारी. तिला रॅम्प म्हणतात. दुसरी, श्वास सोडताना दाब १ ते ३ सेंटिमीटरने उतरवणारी. दुसरी सोय सुरू केल्यावर माझी धडधड जवळजवळ थांबली. रॅम्पने मात्र मला उलटा त्रास झाला. अगदी ४ वर हवा कमी पडते आहे असं वाटून गुदमरायचं. डॉक्टरांनी सुरुवातच ६ वर ठेवली आणि मग जमलं. म्हणजे ‘कमी दाब सोपा’ हे प्रत्येकाला लागू पडत नाही.

मास्कची भीती हा वेगळा भाग. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेला उपाय साधा होता: दिवसा, जागेपणी, टीव्ही पाहताना मास्क पट्टे न लावता नुसता हाताने नाकावर धरायचा. मग पट्टे लावून. मग मशीन सुरू करून. अंथरुणाशी त्याचा संबंध नंतर जोडायचा. संध्याकाळी मालिकेच्या वेळेला मी हे केलं.

आता नाक. सगळ्यात जास्त छळ नाकाने केला. पहाटे तीनच्या सुमाराला नाक गच्च चोंदलेलं आणि तोंडात इतकी कोरड, की जीभ टाळूला चिकटायची. याचं कारण समजल्यावरच उपाय सापडतो. झोपेत तोंड उघडलं की नाकातून आलेली हवा तोंडावाटे निघून जाते. नाकातून एकाच दिशेने सतत कोरडी हवा वाहत राहते, आतली त्वचा सुकते, सुजते. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. मशीनच्या ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भागाची, पातळी वाढवली, झोपण्याआधी सलाइनचा फवारा सुरू केला आणि महिनाभर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे घेतला. चक्र तुटलं. तोंड उघडू नये म्हणून हनुवटीचा पट्टा मिळतो. मला तो मानवला नाही, जबडा दुखायचा. नाक मोकळं राहायला लागल्यावर तोंड बऱ्यापैकी आपोआप मिटलं. ज्यांचं मिटत नाही त्यांच्यासाठी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असतो. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून कोमट केलेलंच वापरावं, नळाचं थेट नको.

ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं. मी ते औषधाच्या दुकानातून आणते, रोज उरलेलं ओतून टाकते आणि टाकी वाळवते.

डिसेंबरात नवीनच प्रकार. मध्यरात्री नळीत गुडगुड आवाज आणि नाकावर गार पाण्याचे थेंब. नाशिकची थंडी आणि आतली दमट हवा, म्हणून वाफ नळीतच पाणी होऊन बसते. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, म्हणजे पाणी मशीनकडे परततं, चेहऱ्याकडे येत नाही. बहिणीने नळीला जुन्या शालीचं आवरण शिवून दिलं. दोन्हींनी काम झालं. गरम होणारी नळीही मिळते, ती महाग आहे. मला गरज पडली नाही. पावसाळ्यात याच ह्युमिडिफायरची पातळी खाली आणावी लागते, नाहीतर हवा जड वाटते.

पोटाबद्दल कोणी आधी सांगत नाही. सकाळी पोट टणक फुगलेलं, ढेकरांवर ढेकर, गॅस, बरगड्यांखाली कळ. दाबाखालची हवा अन्ननलिकेत शिरते आणि पोटात उतरते. मी आधी जेवणाला दोष देत होते. मशीनच्या नोंदींमध्ये दिसलं की पाठीवर झोपलं की दाब १३-१४ पर्यंत जातो आणि पोट फुगण्याच्या सकाळी याच रात्रींनंतरच्या असतात. कुशीवर झोपलं की ९-१० वर भागतं. डॉक्टरांनी वरची मर्यादा थोडी खाली आणली, उशाकडची बाजू उंच केली, जेवण आठच्या आत आलं. हा त्रास आता क्वचित होतो. मात्र ही मर्यादा स्वतः बदलू नये. कमी पडली तर श्वास पुन्हा अडू लागतो आणि आपल्याला झोपेत ते कळत नाही.

कानात दडे बसणं पहिले काही आठवडे होतं, विशेषतः सर्दीत. गिळल्यावर सुटतं. डोळे लाल होऊन चुरचुरत असतील तर नाकाच्या हाडापाशी हवा गळते आहे असं समजावं.

गळती थांबवायला पट्टे आवळावेसे वाटतात, आणि त्याने गळती वाढते. मास्कची सिलिकॉनची कड हवेने किंचित फुगून बसते. आवळली की तिला चुण्या पडतात, हाडावर वळ उठतो, वरचे दात दुखतात. मास्क आडवं पडून, मशीन सुरू ठेवून बसवायचा, कारण झोपल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सूं सूं हवा येते ती गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती भोकं कधीही बंद करू नयेत. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार पहिल्यांदा जगापुढे मांडला तेव्हा मास्क रुग्णाच्या नाकाबरहुकूम बनवून चेहऱ्याला चिकटवावा लागे. त्या मानाने आपले पट्टे पुष्कळ बरे आहेत, हे मी वळ चोळताना खरंच स्वतःला सांगायचे.

आता खास बायकांसाठी. माझ्या नाकात लहानपणापासून चमकी आहे. नाकपुडीत बसणाऱ्या उशीवजा मास्कने तिची आतली फिरकी टोचून जखम झाली. नाक झाकणारा मास्क चमकीवरून फुसफुसायचा. चमकी रोज काढणं मला नको होतं, भोक बुजतं म्हणूनही आणि मनालाही. शेवटी नाकाखाली टेकणारा, नाकपुडीत न शिरणारा मास्क मिळाला आणि सोनाराकडून चपट्या फिरकीची लहान चमकी करून घेतली. प्रश्न संपला. मास्क घेण्याआधी नाकातलं, कानातलं घालूनच तो लावून पाहा आणि बदलून मिळेल का ते विचारा. अंबाड्याने मागचा पट्टा वर सरकतो, सैल वेणी बरी. केसांना तेल आणि चेहऱ्याला क्रीम रात्री नको. सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराब होतं.

पहिल्या काही रात्री फार ठसठशीत, लांबलचक स्वप्नं पडली. घाबरू नये, स्वप्नांची जी झोप वर्षानुवर्षं तुटत होती ती परत येताना असं होतं.

फायदा कधी दिसला? सगळ्यात आधी लघवीला उठणं थांबलं. श्वास अडला असताना छाती जोर लावते, त्याचा ताण हृदयावर येतो आणि अंगात पाणी जास्त झालंय असं समजून हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. माझी साखर तपासून झाली होती, पण या दिशेने कोणी पाहिलं नव्हतं. मग डोकेदुखी गेली. दिवसाची झोप जायला सर्वांत जास्त वेळ लागला, दिवाळी उलटली.

आपल्याकडे बायकांना दुखणं अंगावर काढायची सवय लावलेली असते, आणि या मशीनच्या बाबतीत ती घातक आहे. त्रास सोसत मास्क लावणारी बाई महिन्याभरात तो काढून ठेवते. प्रत्येक त्रास, तो कितव्या तासाला होतो यासकट, लिहून डॉक्टरांना दाखवा आणि मशीनमधलं नोंदींचं कार्ड सोबत न्या. विकत घेण्याआधी भाड्याने मिळत असेल तर तसंच घ्या. माझ्या मशीनला ५०,००० रुपयांच्या आसपास पडले, मास्क वेगळा.

अजून काय राहिलंय? नाकाचा पडदा डावीकडे वाकडा आहे, त्यामुळे सर्दी झाली की दोन-तीन रात्री मशीन नकोसं होतं. पुढच्या महिन्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाते आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर मशीन चालतं, फक्त ह्युमिडिफायर बंद ठेवावा लागतो, कारण जास्त वीज तोच खातो. गालावरचा वळ शाळेच्या प्रार्थनेपर्यंत दिसतो. मुलींनी विचारलं, मी त्यांना सगळं सांगितलं, आणि एकीने दुसऱ्या दिवशी आपल्या आजीला माझ्याकडे चौकशीला आणलं.